कानपूरचे नऊ आणि दिल्लीचा एक फोन

क्रिकेटच्या आकडेवारीत काही आकडे पाहिले की मनाला उगाच रुखरुख लागते. ९९.९४ ही ब्रॅडमनची सरासरी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. आपल्याकडेही तसाच एक आकडा आहे, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. तो म्हणजे १४९. सुभाष पंढरीनाथ गुप्ते यांनी छत्तीस कसोटी सामन्यांत घेतलेले बळी! दीडशेला एक कमी. विनू मांकड यांच्या १६२ बळींच्या विक्रमापासून तेरा पावलं दूर. वय अवघं बत्तीस, हातातली फिरकी शाबूत आणि शेवटून दुसऱ्याच कसोटीत एका डावात पाच बळी. तरीही तो आकडा तिथंच थांबला, आणि त्याला कारण झाला दुसऱ्याच माणसानं केलेला एक टेलिफोन.

आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांना हे नाव केवळ ऐकून माहीत असेल. आमच्या पिढीलाही गुप्ते प्रत्यक्ष पाहायला मिळाले नाहीत. घरातली वडीलधारी मंडळी मनगट वळवून दाखवत, चेंडू कसा हवेत तरंगत यायचा ते हातानंच रेखाटत आणि मग गप्प होत. ती गप्प का होत, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

सुभाष गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. मुंबई ही फलंदाजांची नगरी. मर्चंटांच्या तंत्रशुद्ध बॅटीनं तिला वळण लावलेलं. इथल्या मैदानांवर पोरगं उभं राहिलं की आधी डावा कोपर वर धरायला शिकायचं. अशा गावात हा सडपातळ, बेताच्या उंचीचा मुलगा लेगस्पिन टाकायला शिकला. लेगस्पिन ही क्रिकेटमधली सर्वांत खर्चिक कला. मनगटातून चेंडू वळवायचा म्हणजे टप्पा चुकण्याची भीती आलीच, आणि टप्पा चुकला की चौकार ठरलेला. त्यातून गुगली टाकायची म्हणजे लेगब्रेकच्याच आविर्भावात हात फिरवायचा, पण मनगट असं उलटं काढायचं की चेंडू नेमका विरुद्ध बाजूला, उजव्या फलंदाजाच्या आत वळला पाहिजे. गुप्ते यांच्याकडे अशा एक नव्हे, दोन वेगवेगळ्या गुगली होत्या, असं त्यांच्याविरुद्ध खेळलेले फलंदाज सांगत. पहिली ओळखेपर्यंत दुसरी येऊन गेलेली असायची.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला. त्या संघात विल्फ्रेड फर्ग्युसन नावाचा एक लेगस्पिनर होता. त्याच्यावरून मुंबईकर मित्रांनी सुभाषला ‘फर्गी’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. हा फर्ग्युसन राहणारा त्रिनिदादचा. टोपणनाव ठेवणाऱ्यांना तरी काय ठाऊक, की आपण या पोराच्या कपाळावर त्याच्या शेवटच्या मुक्कामाचा पत्ता लिहितो आहोत!

त्याच हंगामात ते मुंबईकडून प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळू लागले. १९५१ च्या डिसेंबरअखेर कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध कसोटी पदार्पण झालं. पण जगाला गुप्ते कळले ते १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. विजय हजारे कर्णधार. समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे त्रिकूट ऐन भरात. एकट्या वीक्सनं त्या मालिकेत ७१६ धावा झोडल्या. त्या धुमाळीत तेविशीतल्या या पोरानं पाच कसोटींत २७ बळी मिळवले. पोर्ट ऑफ स्पेनच्या मॅटिंगवर पहिल्याच कसोटीत १६२ धावांत सात. किंग्स्टनला यजमानांनी ५७६ धावांचा डोंगर उभा केला, तेव्हा दहाही बळी दोघांतच वाटले गेले: मांकड पाच, गुप्ते पाच. मांकड यांनी ८२ षटकं टाकली, गुप्ते यांनी पासष्टहून अधिक. त्या दौऱ्यावर गडकरी, उम्रीगर, दत्ताजीराव गायकवाड असे चपळ गडी होते. भारतीय क्षेत्ररक्षणाचं तोंडभर कौतुक व्हावं असा तो विरळा दौरा. गुप्ते यांना आयुष्यात एवढे भरवशाचे हात पुन्हा क्वचितच लाभले. पुढं त्यांच्या गोलंदाजीवर सुटलेल्या झेलांची मोजदाद कुणी ठेवली असती, तर तीच एक वेगळी वही झाली असती.

त्याच दौऱ्यात, दक्षिण त्रिनिदादमधल्या सॅन फर्नांडो गावी, त्यांची ओळख तिथल्याच एका भारतीय वंशाच्या तरुणीशी झाली. संघ परतला, पत्रव्यवहार सुरू राहिला. सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या पत्राला त्या काळी किती दिवस लागत असतील, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. पुढं ती त्यांची पत्नी झाली.

आता गुप्ते यांच्या आयुष्यातल्या अशा एका भागाकडे वळू, ज्याबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं. तो म्हणजे त्यांची नोकरी! कसोटी क्रिकेटपटूला त्या काळी मिळत होते सामन्यामागे अडीचशे रुपयांच्या आसपास. त्यावर संसार चालणार नव्हता. बहुतेक खेळाडू रेल्वेत, बँकेत, गिरणीत किंवा एखाद्या संस्थानिकाच्या पदरी चिकटत. ज्यांच्या अंगी खरोखरच विकण्याजोगी कला होती, त्यांना आणखी एक वाट होती. ती लँकेशायरकडे जात होती.

उत्तर इंग्लंडमधल्या त्या कापड गिरण्यांच्या छोट्या गावांत दर शनिवारी दुपारी लीगचे सामने होत. प्रत्येक क्लबात दहा खेळाडू गावचे, म्हणजे विणकर, कारकून, शिक्षक, खाटीक; आणि अकरावा पगारी व्यावसायिक. त्याला ते ‘प्रो’ म्हणत. गावानं वर्गणी काढून त्याला आणलेला असे, तेव्हा त्यानं धावाही काढायच्या, बळीही घ्यायचे आणि आठवडाभर संध्याकाळी गावातल्या पोरांना नेटमध्ये शिकवायचंही. चांगली कामगिरी झाली की मैदानाभोवती पेटी फिरे आणि प्रेक्षक खिशातली नाणी तीत टाकत. कामगिरी नाही झाली, तर सोमवारी पावाच्या दुकानात त्याची खरडपट्टी निघे. त्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइननं नेल्सन गावी नऊ हंगाम असेच गाजवले होते. आपले हजारेही लीगमध्ये खेळले. मांकड तर १९५२ साली हॅस्लिंगडनचे प्रो असताना भारतीय संघ अडचणीत सापडला आणि क्लबाकडून त्यांना मागून घ्यावं लागलं. मग लॉर्ड्सवर जे घडलं ते सर्वश्रुत आहे.

गुप्ते १९५४ पासून काही उन्हाळे रिश्टन या क्लबाचे प्रो होते. (याच रिश्टनला पुढं १९८७ मध्ये व्हिव्ह रिचर्ड्स खेळला.) कल्पना करा: ढगाळ आभाळ, ओलं गवत, बोटं आखडून टाकणारा गारठा, आणि मनगटाच्या जोरावर चेंडू वळवायचा! लेगस्पिनरला ऊन हवं, कोरडी माती हवी. शिवाय झेल घ्यायला स्लिपमध्ये उभा कोण, तर दिवसभर मागावर राबून आलेला गावकरी. पण पगारी माणसाला तक्रार परवडत नाही. त्या वर्षांत गुप्ते यांचं कॅलेंडर मोठं विचित्र असलं पाहिजे. उन्हाळा लँकेशायरमध्ये, हिवाळा भारतात. भारतातही कधी मुंबईकडून, कधी बंगालकडून, नंतर राजस्थानकडून. आज एखादा खेळाडू वर्षात चार देशांत चार रंगांचे कपडे घालून खेळतो, तेव्हा आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. गुप्ते यांनी ते केलं तेव्हा त्यांच्यामागं ना दलाल होता, ना करारनामे तपासणारा वकील. होता तो एक उजवा हात.

आणि तो हात त्या वर्षांत काय करत होता! १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात पाचही कसोटी रटाळपणे अनिर्णीत सुटल्या, त्यात गुप्ते यांचे २१ बळी. त्याच हंगामात मुंबईत, पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध त्यांनी एका डावात ७८ धावांत दहाही बळी घेतले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंड आले. हैदराबादला गुप्ते यांनी १२८ धावांत सात गडी टिपले आणि मालिकेत ३४. एका मालिकेत ३४ बळी मांकड यांनीही इंग्लंडविरुद्ध घेतले होते. त्या दोघांना मागं टाकायला १९७२-७३ चा चंद्रशेखर यावा लागला, तोही फक्त एका बळीनं.

मग आली १२ डिसेंबर १९५८ ची कानपूर कसोटी. आदल्याच दिवशी गुप्ते यांना एकोणतीस वर्षं पूर्ण झाली होती. समोर हंट, कन्हाय, सोबर्स, कॉली स्मिथ, बुचर, सॉलोमन अशी तगडी फळी. गुप्ते यांनी ती एका डावात कापून काढली. वेस्ट इंडीज सर्वबाद २२२. गुप्ते १०२ धावांत नऊ! उरलेला एक गडी लान्स गिब्ज. तो पुण्याच्या वसंत रांजणे यांनी टिपला, आणि रांजणे यांचा तो पहिलाच कसोटी सामना. गंमत अशी की, गिब्जचाही झेल गुप्ते यांच्या गोलंदाजीवर आधी उडालेला होता. तो हातातून निसटला. निसटला नसता, तर जिम लेकरनंतर कसोटीत दहाच्या दहा घेणारा दुसरा गोलंदाज भारताला १९५८ सालीच मिळाला असता आणि कुंबळेसाठी १९९९ पर्यंत थांबावं लागलं नसतं.

पण एका माणसानं नऊ घेऊन सामना जिंकता येत नाही, हेही त्याच कसोटीनं दाखवून दिलं. भारतानंही बरोबर २२२ च केल्या. वेस हॉलनं सामन्यात अकरा गडी उडवले, दुसऱ्या डावात सोबर्सनं १९८ धावा चोपल्या, आणि आपण २०३ धावांनी हरलो. त्या मालिकेत आपल्याकडे पाच कसोटींत चार कर्णधार झाले. उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड, अधिकारी. कारभाऱ्यांचा सावळा गोंधळ म्हणतात तो हाच. गुप्ते यांच्या त्या मालिकेतल्या २२ बळींना फार धावा मोजाव्या लागल्या, असं आकडेवारी सांगते. सुटलेले झेल आकडेवारीत नसतात.

१९५९ चा इंग्लंड दौराही असाच. आपण पाचच्या पाच कसोटी हरलो. गुप्ते यांनी कसोटींत १७ आणि सबंध दौऱ्यात ९५ बळी मिळवले. इथं मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. त्या दौऱ्यातले गुप्ते १९५३ चे राहिलेले नव्हते, असं अनेक जाणकारांचं मत होतं. एवढी षटकं, एवढी मैदानं, एवढे प्रवास; मनगट हेही शेवटी हाडामांसाचंच. चाहत्यांनी रंगवलेलं चित्र नेहमीच थोडं गडद असतं.

तरीही ते संपलेले नव्हते. १९६१ च्या डिसेंबरात टेड डेक्स्टरचा इंग्लंड संघ कानपूरला आला. तेच ग्रीन पार्क. गुप्ते यांनी ९० धावांत पाच बळी घेतले आणि भारतानं इतिहासात प्रथमच इंग्लंडवर फॉलोऑन लादला. सामना अनिर्णीत राहिला. संघ पुढच्या कसोटीसाठी दिल्लीला गेला.

दिल्लीत संघाचा मुक्काम इंपीरियल हॉटेलात होता. गुप्ते यांचे खोलीतले सोबती होते मद्रासचे ए. जी. कृपालसिंग. कृपालसिंगांनी खोलीतून हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या तरुणीला फोन केला आणि काम संपल्यावर आपल्याबरोबर पेयपानाला येण्याचं निमंत्रण दिलं. तिला ते रुचलं नाही. तिनं तक्रार केली, आणि तो तिचा हक्कच होता. तक्रार संघव्यवस्थापकांमार्फत मंडळापर्यंत गेली. इथपर्यंत कुणालाही वावगं वाटू नये.

पुढं जे झालं त्याला मात्र काय म्हणावं? फोन त्या खोलीतून झाला, म्हणून खोलीतले दोघेही दोषी धरले गेले. दोघांना उरलेल्या मालिकेतून बाजूला ठेवण्यात आलं. चौकशी झाली तेव्हा गुप्ते यांनी सांगितलं की फोन आपण केलेला नाही. कृपालसिंगांनीही तो आपणच केल्याचं नाकारलं नाही. गुप्ते पुढं सांगत, त्यानुसार मंडळाचे अध्यक्ष एम. ए. चिदंबरम यांनी त्यांना विचारलं की, मग तुम्ही त्यांना अडवलं का नाहीत? कृपालसिंग अंगापिंडानं दांडगे. त्या धिप्पाड माणसाला मी कसा अडवणार होतो, एवढंच गुप्ते म्हणाले. हे सांगताना ते हसत असत, असंही नमूद आहे. आपण हसावं की नाही, ते कळत नाही.

वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी या दोघांचा विचार करू नये, अशी सूचना निवड समितीला गेली. मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, आणि माझ्या मते तीच गुप्ते यांना सर्वांत महाग पडली. ती म्हणजे भारत जिंकला! कलकत्ता आणि मद्रास या उरलेल्या दोन्ही कसोटींत सलीम दुराणी यांनी आठ आणि दहा बळी घेतले. चंदू बोर्डेही चमकले, आणि इंग्लंडविरुद्ध आपण प्रथमच मालिका खिशात घातली. मद्रासलाच प्रसन्ना नावाचा एक नवा ऑफस्पिनर उतरला. घरात लग्नाचे चौघडे वाजत असताना कोण जेवायचं राहिलं, याची चौकशी कोण करतो? संघ हरला असता, तर कदाचित कुणीतरी गुप्ते कुठं आहेत म्हणून विचारलं असतं.

मग संघ वेस्ट इंडीजला गेला. ज्या बेटांवर नऊ वर्षांपूर्वी गुप्ते यांचं नाव झालं होतं, ज्या पोर्ट ऑफ स्पेनला दोन कसोटी व्हायच्या होत्या, जिथं त्यांची सासुरवाडी होती, तिथं त्यांच्याशिवाय. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि ते मरणाच्या दारातून परतले. पाचही कसोटी आपण हरलो. गुप्ते असते तर निकाल बदलला असता असं मी म्हणणार नाही. हॉलच्या चेंडूपुढं बॅट धरायला गुप्ते यांचा तसा काय उपयोग होता! पण मालिकेच्या आधीच त्यांचं दार लावून घेतलं गेलं होतं, ते पुन्हा उघडलंच नाही. कृपालसिंग मात्र १९६४ मध्ये पुन्हा भारताकडून कसोटी खेळले. त्यांना ती संधी मिळाली याचं वाईट वाटायचं कारण नाही. शिक्षा भोगून झाली की माणसाला परत घ्यावंच. प्रश्न एवढाच की, फोन करणाऱ्याची शिक्षा संपली आणि न करणाऱ्याची संपली नाही.

गुप्ते यांनी त्यावर गहजब केला नाही. वर्तमानपत्रांतून पत्रं लिहिली नाहीत, कोर्टाची पायरी चढली नाही. त्या काळचे खेळाडू मंडळाशी भांडत नसत; मंडळ म्हणजे सरकारच. काही दिवस ते राजस्थानकडून खेळले. मग त्यांनी बिऱ्हाड आवरलं आणि त्रिनिदादला निघून गेले. इथं मागं राहिले त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते. तेही लेगस्पिनरच, त्यांच्या वाट्याला तीन कसोटी आल्या.

त्रिनिदाद हा देशही कमालीचा. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ नावाचं जहाज तिथल्या किनाऱ्याला लागलं आणि उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारानं आणलेले हिंदुस्थानी मजूर त्यातून उतरले. पुढची सत्तर-एक वर्षं अशी जहाजं येत राहिली. त्या मजुरांच्या नातवंडा-पतवंडांत, भोजपुरीचे शब्द मिसळलेल्या इंग्रजीत, हा मुंबईकर मराठी माणूस रुळला. साखर उद्योगात नोकरी केली, पोरांना क्रिकेट शिकवलं, त्रिनिदादच्या संघाकडूनही थोडं प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळून घेतलं. मुंबई, बंगाल, राजस्थान, रिश्टन, त्रिनिदाद. जिथं जिथं कुणी चेंडू हातात दिला, तिथं तिथं त्यांनी तो वळवून दाखवला. सगळं मिळून प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५३० बळी.

भारतीय संघ वेस्ट इंडीजला जात राहिला. १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनलाच वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला प्रथम हरवलं, त्याच कसोटीत गावसकर पहिल्यांदा उतरला. १९७६ मध्ये त्याच मैदानावर आपण चौथ्या डावात ४०६ धावा काढून जिंकलो. गुप्ते यांच्या घरापासून मैदान लांब नव्हतं. भारतीय खेळाडू आले की त्या घरी पाहुणचार ठरलेला असे, असं त्या दौऱ्यांवर गेलेली मंडळी सांगत.

सोबर्सनं आपल्या आठवणींत, आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत गुप्ते यांना सर्वांत वरचं स्थान दिलं. शेन वॉर्नच्याही वर. वॉर्नच्या चाहत्यांना ते मान्य होणार नाही, आणि दोन वेगळ्या काळांतल्या गोलंदाजांना तराजूत घालणं मलाही फारसं पटत नाही. पण ज्याचा दाखला दिला तो माणूस दोन्ही बाजूंनी खेळलेला आहे. कानपूरच्या त्या नऊ बळींत तो स्वतः होता.

इकडे भारतातही उशिरा का होईना, आठवण झाली. २००० साली क्रिकेट मंडळानं आपला कर्नल सी. के. नायडू पुरस्कार गुप्ते यांना दिला. शेवटच्या कसोटीनंतर जवळजवळ चार दशकांनी! तोपर्यंत ते सत्तरी ओलांडून गेले होते, आणि त्यांना प्रत्यक्ष गोलंदाजी करताना पाहिलेला प्रेक्षकही म्हातारा झाला होता.

२००२ च्या उन्हाळ्यात सौरव गांगुलीचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. दौऱ्याचा शेवट पोर्ट ऑफ स्पेनला एक दिवसाच्या सामन्यांनी व्हायचा होता. ३० मे रोजी त्रिनिदादनं नेहमीप्रमाणे त्या पहिल्या जहाजाच्या आगमनाचा दिवस साजरा केला. ३१ मे रोजी, भारतीय संघ पोर्ट ऑफ स्पेनला मैदानात उतरण्याच्या ऐन तोंडावर, त्याच शहरात सुभाष गुप्ते यांचं निधन झालं.